वासू राऊळवर ठेवलेला नारळ

“वैनी, जरा भायर येशात?”

मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल झालेले. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते चटकन लक्षात येईना. मान वर केली, तर कुंपणाच्या बाहेर वासू राऊळ उभा. पायात चप्पल नाही, सदरा चुरगळलेला, आणि दाढी अशी की घरात कुणी गेलंय असं वाटावं.

हा माणूस सात वर्षांत आमच्या वाटेने आला नव्हता. बाजारात मी समोरून आले की तो गल्ली बदलायचा, एसटीत मी चढले की तो उतरायचा. मलाही तेच बरं वाटायचं. माझा हेमू त्याच्या टेम्पोखाली गेला होता.

“कित्याक इलंस?” मी विचारलं. “वाट चुकलंस की काय?”

“वैनी, चित्राक फुरसा चावला.”

चित्रा म्हणजे त्याची मुलगी. नऊ-दहा वर्षांची असेल. काजूच्या बागेत बिया वेचायला गेली होती, पाचोळ्यात हात घातला आणि फुरशाने धरलं. फुरसं म्हणजे वीतभर साप, पण भारी वाईट. माणूस लगेच मरत नाही, रक्त गोठायचं थांबतं आणि मग जिथून वाट मिळेल तिथून ते बाहेर येतं.

“परवा चावला. गोव्याक न्हेलंव. इंजेक्शनां दिली, पन रगत थांबना नाय. हिरड्यांतसून येता. डॉक्टर म्हणतत, आजची रात काढूक व्हयी.”

“मग तू हंय काय करतंस? पोरगी थंय मराक टेकली आणि बापूस गावात फिरता! वा रे बापूस!”

“बायलेन धाडल्यान.” तो खाली बघत म्हणाला. “म्हणाली, पयलो जा, आणि वैनींच्या पायार पड. तेंका म्हण, तो नारळ काढा.”

आता नारळ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात कुणी अन्याय केला आणि कुठेच दाद लागली नाही, की माणूस ग्रामदेवतेकडे जातो. देवापुढे नारळ ठेवायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेलं मागणं. गुरव एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आपलं आपण मागायचं नसतं, आपल्यासाठी दुसऱ्याने मागायचं असतं. चांगल्यासाठी मागतात, तसं कधी वाईटासाठीही मागतात. मी वाईटासाठी मागितलं होतं. वासू पिऊन टेम्पो चालवत होता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कोर्टात मात्र त्याने सांगितलं, पोरगा धावत आडवा आला. चिऱ्याच्या खाणीच्या मालकाने, ज्याचा तो टेम्पो होता, साक्षीदारही आणून उभा केला. वासू सुटला. त्याच आठवड्यातल्या सोमवारी मी रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवला. माझी कूस जशी ओस पडली तशी ह्याची पडू दे, एवढंच माझं म्हणणं. आजही मी म्हणते, त्या वेळी दुसरं काही मागणारी बाई मला दाखवा.

तर वासूने हे सांगितलं, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटातून झाला. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, इथे तर ती काठी मला लख्ख ऐकू आली. सात वर्षं लागली, पण ऐकलं त्याने.

“बरा झाला,” मी म्हटलं. “आता कळतला तुका.”

वासू तिथेच धुळीत बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मोठा पुरुष असा बसलेला बघवत नाही. आणि मग मला ती पोरगी आठवली. आठवायची काही गरज नव्हती, पण आठवली. शिमग्यात शाळेच्या पोरांबरोबर नाचत आली होती, डोक्याला कुणाची तरी मोठी टोपी, सारखी डोळ्यांवर यायची. मी दार लावून घेतलं होतं. आता तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि ते मी मागितलेलं होतं. देव आपलं ऐकतो ह्याची एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मागच्या पडवीत रंध्याचा आवाज थांबला होता. आमचे हे सुतारकाम करायचे. माणूस इतका कमी बोलणारा की लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं ह्यांना मी आवडतच नाही. ते पुढे आले, वासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“चेडवान काय केल्यान?” एवढंच म्हणाले. म्हणजे पोरीने काय केलं.

झालं! माझा तोंडाचा पट्टा सुटला. “तुमका काय? तुमी बसा रंधो मारीत! माझ्या पोराने काय केल्यान होता? तेव्हा कोण इल्ला विचारूक? आता मी मोठी देवमाणूस होऊ? लोकांनी काय मारून टाकायचा, आणि मी तेंच्या पोरांका जगवायचा?”

त्यांनी ऐकून घेतलं. मग माळ्याखालून एक नारळ काढला, जमिनीत रोवलेल्या लोखंडी पारेवर सोलला, शेंडी नीट ठेवली, आणि माझ्या लाल हातात आणून दिला. ठेवलेला नारळ उतरवायला दुसरा नारळ लागतो. परत जाऊन रंधा मारायला लागले.

मी हातही धुतले नाहीत. तशीच निघाले.

देऊळ गावाच्या वरच्या अंगाला. मी पुढे, वासू मागे. ऊन उतरायला लागलं होतं. मी एवढ्या जोरात चालत होते की मला धाप लागली, पण थांबायला तयार नव्हते, कारण थांबले तर परत फिरेन अशी भीती. मनात एकच घोळत होतं, उतरवते, उतरवते, तोवर थांब रे बाबा. देवाला मी असं सांगत होते, जसं गॅसवरचं दूध उतू जाताना आपण ओरडतो.

हेमू गेला त्या वळणावर आलो. ते वळण मी टाळत नव्हते, रोजचाच रस्ता तो, पण आज वासू बरोबर होता. मागे पावलं वाजायची थांबली. वळून बघितलं तर तो रस्त्याच्या कडेला उभा, हात जोडलेले.

“वैनी, तो धावत नाय इल्लो.”

मी दोन पावलं मागे आले.

“कडेन चलत होतो. दप्तर डोक्यार घेतलेला, उनासाठी. मी पिऊन होतंय. माका दिसलोच नाय.”

“आणि कोर्टात?”

“खोटा सांगलंय.”

हे ऐकायला मी सात वर्षं थांबले होते. मला वाटायचं, हा माणूस एकदा हे बोलला की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. कसला उतरतोय! उलट, हेमूने डोक्यावर दप्तर घेतलं होतं हे मला माहीत नव्हतं. आता ते माहीत झालं. त्या रस्त्यावर मला बसावंसं वाटलं, पण मी चालायला लागले.

देवळात भिकूआबा समया चिंचेने घासत बसले होते. आबा म्हणजे आमचे गुरव, त्या वेळीच ऐंशीच्या घरातले, कमरेत वाकलेले. दोघांना एकत्र आलेलं बघून त्यांचा हात थांबला.

“आबा,” मी म्हटलं, “माझो नारळ उतरव. लवकर उतरव. ह्याची पोरगी मराक टेकलीहा.”

वासूने काय झालं ते सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं, ‘अरे देवा’ म्हणाले, पण उठले नाहीत.

“उठ मां, आबा! काय बघतंस?”

“काय उतरवू, बाये? नारळ खंय असा?”

“म्हणजे?”

“तू ठेवलंस तो नारळ मी दुसऱ्या दिवशी फोडलंय. परसाद केलंय. तुझ्याच हातार ठेवलेलंय, तू खाल्लंस. आठवत नाय?”

मला काही आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं मला काहीच नीट आठवत नाही. कुणीतरी घास भरवायचं आणि मी गिळायचे.

“पण गाऱ्हाणा? तू गाऱ्हाणा घातलंस मां? मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलंय, लोकांनी म्हटल्यानी!”

“घातलंय. गाभाऱ्यात. भायर नौबत वाजत होती, तुमका कोणाक काय ऐकूक येना नाय. मी थांबलंय की तुमी ‘व्हय’ म्हणत होतास.”

“मग काय सांगलंस देवाक?”

आबांनी हातातली चिंच खाली ठेवली. “सांगलंय, ह्या बायेचा दुख्ख तुझ्या पदरात घे. आणि जेच्या हातून चूक झाली, तेका शानपन दी. तेच्या पोराबाळांका राख.”

वासूने तोंडावर हात धरला होता.

मी काय केलं सांगू? समोरची समई उचलली आणि फेकली. खांबावर आदळली, घंगाळासारखी वाजली. “कोणी सांगलेला तुका?” मी ओरडले. “माझा गाऱ्हाणा, माझा दुख्ख, आणि तू देवाक भलताच सांगून मोकळो झालंस? चोर तू! ह्येच्यापरास मोठो चोर!”

“ओरड,” आबा म्हणाले. “ओरड, बाये.”

“सात वर्सा मी तेच्यार जगलंय, आबा! सकाळी उठान देवाक म्हणत होतंय, बघ, विसरू नको. आणि देवाक ता म्हायतच नाय?”

माझा एवढा संताप का झाला ते आज मला कळतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. पोर गेलं, कोर्टाने तोंडाला पानं पुसली, घरात नवरा मुका. तो नारळ तेवढा माझा होता. कुठेतरी काहीतरी माझ्या बाजूने चाललंय, एवढ्यावर मी चूल पेटवायचे. आणि आता कळलं की तेही नव्हतंच. म्हातारा सात वर्षं मला खोबरं चारून बसला होता.

“मी गुरव,” आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. “मांत्रिक नाय. लोक माझ्याकडे नारळ आणतत, रागान आणतत, रडान आणतत. वायट मागूक माझी जीभ उठाक नाय. तुझ्या वेळी नाय आणि कोणाच्याच नाय. माका काय शिक्षा ती देव करीत.”

ते उठले, खांबाजवळ गेले, वाकून समई उचलली. पोचा पडला होता. तो अंगठ्याने चाचपत परत जागेवर येऊन बसले.

वासूच पहिल्यांदा बोलला. “म्हणजे आबा, पोरीक जा झाला ता...”

“फुरसा होता. पाचोळ्यात फुरसा असता.”

“मग आता उतरवूक कायच नाय?”

“नाय.”

त्याचा चेहरा असा झाला की मला आबांचा राग विसरायला झालं. गोव्याहून हा माणूस दोन एसट्या बदलून आला होता, का, तर एक काहीतरी काढलं की पोरगी वाचेल. आता काढायला काही नव्हतं. माझंही तेच. नारळ उतरवायला मी भीतीपोटी आले होते. आपलं पाप आपण निस्तरावं आणि घरी जावं. आता मी मोकळी होते. माझ्यामुळे काही झालं नव्हतं. नारळ तिथे ठेवून मी आमसुलांकडे परत जाऊ शकत होते, आणि मला कुणी एक शब्द बोललं नसतं.

“मग काय करूचा?” वासूने विचारलं.

“मागूचा. दुसरा काय?”

“मग माग मां, आबा. तू माग.”

आबांनी माझ्याकडे बोट केलं. “ती मागतली.”

“मी?” मी म्हटलं. “मी काय गुरव? बायलमाणूस कधी गाऱ्हाणा घालता?”

“आज घालतला. मी घातलंय तर परत म्हणशीत, आबान बदलल्यान. तुझा तू सांग. काय सांगूचा ता सांग. जा म्हणशीत तेका मी ‘व्हय’ म्हणतंय.”

“आणि मी वायट सांगलंय तर?”

“तर देव आणि तू,” आबा म्हणाले, आणि भिंतीला धरून उभे राहिले.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापुढे गेले. नारळ हातात. रवळनाथाची मूर्ती काळी, वर फुलं सकाळची, मलूल झालेली. मागे वासू उभा राहिलेला कळत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, मी काय मागू ह्याच्यासाठी? मग लहानपणापासून कानावर पडलेलं तेच बोलायला लागले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” दोघे म्हणाले.

“आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी असत...”

“व्हय म्हाराजा.”

“एक पोर घरापासून लांब असा. एकट्याच असा. आई जवळ नाय...”

“व्हय म्हाराजा.”

“तेका उन लागता असात, तर सावली दी. तहान लागली असात, तर पाणी दी. भियाला असात, तर हात धर. दप्तर जड असा तेचा, ता उतरव तेच्या डोक्यावरसून. माझ्या हेमूक सांभाळ रे, म्हाराजा...”

आणि मी थांबले.

ऊन, दप्तर. मी कुणाचं बोलत होते ते मला तेव्हा कळलं. चित्राचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर हेमू आला. सात वर्षांत हे नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. घरात हे घेत नसत, शेजारणी घेत नसत, मी दुखावेन म्हणून. आबा गप्प झाले. मेलेल्या माणसासाठी असं गाऱ्हाणं घालत नाहीत, गावात कुणी घातलेलं मी ऐकलेलं नाही. त्याला ‘व्हय’ म्हणावं की नाही हे ऐंशी वर्षांच्या गुरवालाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. तिथे एक पोरगी रक्त ओकतेय, तिचा बाप मागे उभा, आणि मी आपलं पोर घेऊन बसले.

मागून आवाज आला. फाटका, मोठा.

“व्हय म्हाराजा!”

वासू एकटाच म्हणाला. मग कपाळ जमिनीला लावून रडायला लागला, अगदी पोरासारखा हुंदके देत.

मी मागे वळले नाही. वळले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही. लाथ मारली असती, नाहीतर जवळ बसले असते. मी नारळ उंबऱ्यावर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि पुढे बोलायला लागले. आता शब्द अडले नाहीत. म्हटलं, तसाच चित्राक सांभाळ. तिचा रगत तिच्या आंगात ऱ्हवांदे. हेमूक जा मी मागलंय ता सगळा तिकाय दी. तिच्या आवशीक माझ्यासारख्या घरात बसूक लावू नको. दोघेही ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, आणि शेवटी शेवटी आबांचा आवाजही नीट लागेना.

गाऱ्हाणं संपल्यावर वासूने शेवटची गाडी पकडली. चित्रा वाचली हे कळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कंडक्टरने निरोप आणला तेव्हा आमचे हे रंधा टाकून पडवीत खाली बसले आणि म्हणाले, “हेमू असतो तर आज वीस वर्सांचो असतो.” एवढं मोठं वाक्य ते त्या वर्षात पहिल्यांदा बोलले असतील.

आता चित्राला दोन मुलं आहेत. पायाला थोडी सूज राहिली आहे, पण चालते. आबा गेले, हेही गेले. लोक विचारतात, वासूला माफ केलंस का? माफ वगैरे मला काही समजत नाही. त्याच्या घरी मी अजून पाणी प्यालेली नाही.

पण सोमवारी मी देवळात जाते. नवा गुरव चांगला आहे, मला बोलू देतो. आधी गावातल्या आजारी माणसांची नावं घेते, मग परदेशी गेलेल्यांची, मग अडलेल्या बायकांची. शेवटी हेमूचं नाव घेते. तिथे लोक गप्प होतात, कुणी इकडे बघतं, कुणी तिकडे. मागे खांबाजवळ वासू उभा असतो, म्हातारा झालाय, काठी लागते. तो तेवढा ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. दुसरं कुणी म्हणत नाही.